कुमारांचं कपाट

केरळातल्या पय्यन्नूरजवळच्या त्या गावात लग्न होऊन आल्यापासून प्रसीता वाचनालय सांभाळत होती. कथा-कादंबऱ्या निवडायला समितीतले सगळेच पुढे असायचे; आजारपण, कायदा, विज्ञान, शेती असली माहितीची पुस्तकं मात्र तिच्यावर सोडलेली. ती निवड तिला छान जमायची. नर्स मुलींना काय लागेल, वकिलाकडे उमेदवारी करणाऱ्यांना काय, घरात म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं तर सून काय शोधत येईल, हे तिला न विचारता कळायचं.

कुमारांच्या, म्हणजे तेरा ते अठरा वयाच्या मुलांच्या पुस्तकांसाठी तिची एक युक्ती होती. नमुन्याचं पुस्तक ती घरी आणून जेवणाच्या टेबलावर टाकून द्यायची, काही न बोलता. तिचा मुलगा अभिनंद नाश्त्याचा पुट्टू खाता खाता ते उघडायचा. खाणं संपल्यावरही तो बसून राहिला, तर पुस्तक घ्यायचं. लगेच मिटलं, तर नाही. तिची निवड अशी कधी चुकली नव्हती.

त्या पावसाळ्यात अभिनंद लेप्टोच्या तापाने गेला. सतरा वर्षांचा होता.

थंडीत कण्णूरला पुस्तकमेळा भरला, तेव्हा वाचनालयाचे अध्यक्ष कुंजंबू माश, गावच्या शाळेतले जुने मास्तर, म्हणाले की यंदा आम्ही जातो, तू घरी राहा. प्रसीता म्हणाली, जाते मी. घरी राहणं आणि जाणं, तिला दोन्ही सारखंच होतं.

मेळ्यात नर्स-वकिलांच्या कामाची आणि घराघरांत लागणारी पुस्तकं तिने भराभर काढली. हात आपोआप चालत होते. कुमारांच्या पुस्तकांच्या गाळ्यावरचा विक्रेता जुना ओळखीचा. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला आणि थोरल्या बहिणीला विचारावं तसं नेहमीसारखं विचारलं, "चेची, मुलगा हल्ली काय वाचतोय?"

"हल्ली नाही वाचत," ती म्हणाली.

"या वयात मोबाईलच. वाचेल परत."

तिने मान हलवली. पुढ्यातला गठ्ठा उचलला आणि न चाळताच बाजूला ठेवला. चहा तसाच राहिला.

ती पुस्तकं आली, कुमारांच्या कपाटात लागली आणि तिथेच राहिली. मुलं यायची, एखादं काढायची, परत खुपसायची. बहुतेक एकाच छापाची: यशस्वी कसं व्हावं, वेळ कसा वाचवावा, पहाटे कसं उठावं. कुंजंबू माशांनी दोन आठवडे वाट पाहिली, मग हळूच म्हणाले की पुढच्या वेळी ही निवड दुसऱ्या कोणावर सोपवूया का. तिने हो म्हटलं. तिला वाईटही वाटलं नाही, आणि याचंच तिला थोडं नवल वाटलं.

घरी तिने हे नवऱ्याला सांगितलं. सुगतन बस चालवायचा. मुलगा गेल्यापासून दोघांत कामापुरतंच बोलणं होतं: भात वाढ, दिवा घालव. त्याने ऐकून घेतलं. पुस्तकाच्या वाटेला तो आयुष्यात गेला नव्हता. दुसऱ्या दिवशी फेऱ्या संपल्यावर तो वाचनालयात आला, त्या कपाटातली तीन पुस्तकं काखोटीला मारली आणि घरी टेबलावर ठेवली.

पहिलं त्याने दोन पानांत मिटलं. "हा तर नुसता रागावतोय. पोरांनी काय घोडं मारलंय याचं?"

दुसरंही मिटलं. तिसरं पुलांबद्दल होतं, चित्रं होती. तो चष्मा लावून एकेक अक्षर जुळवत वाचायला लागला. ताटातली मासळीची आमटी निवली. प्रसीता समोर बसून बघत होती. त्याच्या कपाळावर आठ्या होत्या, ओठ हलत होते.

"आपल्या नदीवरच्या पुलावर गाडी धाडधाड आपटते बघ," बऱ्याच वेळाने तो म्हणाला. "मला वाटायचं, काम कच्चं केलंय. इतकी वर्षं शिव्या देतोय मी. दोन तुकड्यांमधे ती फट असते ना, ती मुद्दाम ठेवतात म्हणे. उन्हात पूल लांबतो."

"हो?"

"इथे लिहिलंय."

आपल्याला बरं वाटतंय का, ते तिला कळलं नाही. आत काही हललं नाही. पण आमटी गरम करायला ती उठली, आणि उठताना म्हणाली, "असली अजून चार मिळतात का बघते. कुंजंबू माशांना सांगते, मीच जाईन म्हणून."

सुगतनने मान वर केली नाही. "तो रागावणारा परत देऊन टाक," एवढंच म्हणाला आणि पान उलटलं.