चंदाची मान

ज्ञानेश्वरने मोटारसायकलच्या सीटवर गोधडीची घडी टाकली, हाताने चापून पाहिली आणि मग बायकोला म्हणाला, "बस आता. हळू चालवतो. धक्का लागला तं सांग."

चंदा गळ्यातला पट्टा सावरत मागे बसली. धाकट्या दिराची ही लगबग शकू विहिरीवरून येता येता बघत होती. तिच्या डोक्यावर दोन हंडे होते आणि पोटात आग. गाडी मुरबाडच्या रस्त्याला लागली, तशी ती ओसरीवरच्या नवऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "निघाल्या राणीसायब मान चोळून घ्यायला."

"अगो, नस दबलीय तिची," कुंडलिक म्हणाला आणि पुन्हा दोरी वळायला लागला.

भाताचे भारे वाहता वाहता दिवाळीच्या सुमारास चंदाची मान धरली होती. मग कळ खांद्यातून उतरत अंगठ्यापर्यंत गेली. थापता थापता भाकरी हातातून निसटायला लागली. मुरबाडच्या डॉक्टरांनी डोक्यावरचं ओझं बंद केलं आणि व्यायामासाठी फिजिओथेरपीच्या दवाखान्यात पाठवलं. तेव्हापासून अख्खं घर चंदाभोवती फिरत होतं. ज्ञानेश्वर कंपनीतून आला की गरम पाण्याच्या पिशवीने तिची मान शेकायचा. सासू तिच्यापुढे ताट नेऊन ठेवायची. पाणी, सरपण, शेणाच्या पाट्या, सगळं थोरल्या जावेच्या डोक्यावर आलं.

कामाचं शकूला काही नव्हतं. सलत होतं ते निराळंच. रितेशच्या वेळी ती पोटुशी असताना तिचीही मान अशीच धरली होती. रात्र रात्र हाताला मुंग्या यायच्या. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला होता, "चुंबळ जाड कर." तिने चुंबळ जाड केली. विषय तिथंच मिटला. मुंग्या काही मिटल्या नाहीत.

म्हशाच्या जत्रेला पाहुणे आले. मागच्या पडवीत बायका लसूण सोलत बसल्या होत्या. नणंद दर्शना म्हणाली, "चंदावैनी वाळली गो पार."

"वाळंल कशाला? आयतं जेवते न् झोपते," शकू म्हणाली. "गळ्यात पट्टा घातला का सुटली बाय. आमाला कोन पट्टा आनून देतंय?"

बायका हसल्या. दारात कुणीतरी हललं, म्हणून शकूने वर पाहिलं. चंदा उभी होती. तिने पट्टा काढून खुंटीला अडकवला, हंडा उचलला आणि विहिरीची वाट धरली. एक हाक मारली असती तर ती परतली असती. शकू लसूण सोलत राहिली.

थोड्या वेळाने हंडा दगडावर आपटल्याचा आवाज आला. सगळ्या धावल्या. चंदा वाटेतच बसली होती, नखशिखांत भिजलेली. उजवा हात मांडीवर पडला होता. "आक्का," ती शकूला म्हणाली, "ह्यो हात माझा वाटतच नाय गो."

संध्याकाळी ज्ञानेश्वर चिडला, तेव्हा चंदा एवढंच म्हणाली, "मीच गेले. मला वाटलं, बरं झालं." शकूचं नावही तिने घेतलं नाही. शकूला रात्रभर झोप लागली नाही. चूक आपली, आणि वर मोठेपणाही हिनेच घ्यावा!

ज्ञानेश्वरला रजा उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी शकूच तिला जीपने मुरबाडला घेऊन गेली.

दवाखान्यातली समीक्षा मॅडम म्हणजे शेलाटी, तरणी पोर. तिने चंदाला पलंगावर निजवलं, स्वतः उशाशी स्टुलावर बसली आणि चंदाचं डोकं दोन्ही तळव्यांत घेतलं. कणीदार तूप ओंजळीत धरावं इतकं जपून. मग हळूहळू, दिसेल न दिसेल असं, आपल्याकडे ओढलं. चंदाचे डोळे मिटले. तोंडावरचा ताण उतरत गेला.

शकू पिशवी छातीशी धरून भिंतीला टेकली होती. आईने न्हाऊ घालायचं सोडल्यापासून आपलं डोकं असं कुणी धरलंय का, ते ती आठवत होती. हंडा चढवायला, भारा चढवायला मात्र सगळ्यांचे हात लागले होते.

"काकी, इकडे या," मॅडम म्हणाल्या. "घरी तुम्हालाच करायचंय. ओढायचं नाही हां, नुसता आधार द्यायचा."

शकूने चंदाच्या डोक्याखाली हात घातले. जरा वेळाने तिने बोटं झटकली, तशा मॅडमनी विचारलं, "तुमच्या हाताला मुंग्या येतात का?"

होय म्हणायला शब्द अगदी ओठांवर आला. तेवढ्यात चंदाने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं.

"नाय ओ," शकू म्हणाली. "आमाला काय होतंय?"

चंदाचं उष्टं दुखणं तिला नको होतं.

पण घरी तिने नेम चुकवला नाही. दुपारची भांडी झाली की चंदाच्या उशाशी बसायची, तिचं डोकं ओंजळीत धरायची. कधी चंदाला तशीच झोप लागायची. शिमगा आला तोवर चंदाच्या बोटांत जोर आला, ती भाकरी थापायला लागली. शकूला बरं वाटलं. आणि कुठंतरी वाईटही वाटलं, की आता ही दुपार संपणार.

एक दिवस व्यायाम झाला, तरी चंदा उठली नाही. म्हणाली, "आक्का, मॅडमला खोटं सांगितलंत ना?"

"काय गो?"

"रात्री हात झटकत बसता तुमी. मी बघते ना." ती सरकली आणि चटई हाताने साफ केली. "झोपा इथं."

"गुरांना पानी दाखवायचंय—"

"आज सुट्टी हाय ह्यांना, हे दाखवतील. झोपा तुमी."

शकू अवघडत आडवी झाली. चंदाने तिच्या डोक्याखाली दोन्ही तळवे सारले.

"सोडा आक्का."

"सोडलंय की."

सोडलेलं नव्हतं. डोळे मिटून ती पडली होती, मानेच्या शिरा दोरीसारख्या ताणलेल्या, आणि डोकं चंदाच्या तळव्यांच्या बोटभर वर तसंच अधांतरी. चंदाने हात काढले नाहीत.