मी वाळले होते, ताई

मित्रांनो, मी एक जुनी सॅक आहे. डोंगरात सायकल चालवणाऱ्यांच्या पाठीवर असते ना, तसली. माझा मूळ रंग शेवाळी होता. आता तो कुठला म्हणायचा, हे मलाच सांगता येत नाही. तळाला एक ठिगळ आहे, छातीवरच्या पट्ट्याचे बक्कल बदललेले आहे, आणि पाठीकडची गादी घामाने कडक झाली आहे. माझ्याकडे पाहून कोणी थांबणार नाही. तरीही थोडा वेळ थांबा. माझ्याजवळ एक गोष्ट आहे, ती दुसऱ्या कोणालाच ठाऊक नाही.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. शिलाई मशीनच्या आवाजात तिथे कोणाचे बोलणे कोणाला ऐकू जात नसे. ज्या बाईने माझे पट्टे शिवले ती शिवून झाल्यावर प्रत्येक पट्टा दोन्ही हातांनी जोर लावून ओढून पाही. शेजारणीने तिला ओरडून विचारले, "अगं, एवढं काय ओढतेस? तुटेल ना!" ती म्हणाली, "इथं तुटला तर बरंय की. रस्त्यात नको तुटायला." माझ्या माहेरची एवढीच आठवण.

तिथून मी एका दुकानात आले आणि भिंतीवरच्या आकड्याला लटकले. माझ्या एका बाजूला भल्यामोठ्या सॅक होत्या, दुसऱ्या बाजूला कमरेला बांधायच्या चिमुकल्या पिशव्या. येणारे लोक एकतर मोठ्या सॅकच्या रुबाबाला भुलत, नाहीतर लहान पिशव्यांच्या हलकेपणाला. मला मात्र हात लावून पुढे जात.

एके दिवशी एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ दुकानात आले. भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. आठवडाभर अंधाऱ्या खोबणीत तारांना लोंबकळणारा हा माणूस सुटी मिळाली की सायकल घेऊन डोंगराकडे पळायचा. बहीण फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर लोकांच्या दुखऱ्या पाठी आणि आखडलेल्या माना तिच्या हाताखालून जायच्या. आईवडील लवकर गेलेले. त्याला शाळेत पोचवण्यापासून नोकरीच्या पहिल्या दिवशी डबा भरून देण्यापर्यंत सगळे तिनेच केले होते. तो तिला ताई म्हणायचा. मीही मनातल्या मनात तिला ताईच म्हणू लागले.

भावाने थेट सगळ्यात मोठ्या लाल सॅकला हात घातला.

"ही काय?" ताई म्हणाली. "डोंगरात संसार थाटायला चाललायस का?"

"ताई, सामान किती असतं तुला माहितीये का? ट्यूब, पंप, पाने, पाणी, रेनकोट..."

"असू दे. मोठी घेतलीस की तू ती भरणारच. तुझं कपाट बघितलंय मी."

दुकानातली मुलगी तोंड दाबून हसली. तिने त्या लाल सॅकमध्ये वाळूच्या पुरचुंड्या भरल्या. ताईने ती भावाच्या पाठीवर चढवली आणि त्याला सायकलच्या हँडलवर वाकतात तसे वाकायला लावले. सॅक घसरून त्याच्या हेल्मेटला धडकली.

"आता मान वर कर. पुढचा रस्ता दिसतोय?"

"दिसतोय... थोडा."

"थोडा दिसून भागणारे का, राजा?"

मग त्याने कमरेची पिशवी बांधून पाहिली. तिच्यात पाण्याची बाटली गेली, पण रेनकोट जाईना. रेनकोट कोंबला तर पंप बाहेर. शेवटी दुकानातल्या मुलीने मला खाली काढले. ताईने भावाच्या मानेच्या टोकदार हाडापासून कमरेपर्यंत विती टाकून माप घेतले. तेच माप माझ्या पाठीवर टाकले. मला त्याच्या अंगावर चढवून तिने आधी कमरेचा पट्टा आवळला, मग खांद्याचे, शेवटी छातीचा. "ओझं खांद्यावर टांगायचं नसतं," ती म्हणाली, "कमरेवर बसवायचं असतं." आणि तिने त्याचे दोन्ही खांदे धरून त्याला गदागदा हलवले. मी तसूभरही हलले नाही.

"हीच," ताई म्हणाली.

"रंग जरा..."

"डोंगरात रंग कोण बघतंय? झाडं?"

अशी मी त्यांच्या घरी आले.

मित्रांनो, पाठीवर सामान वाहणे हेही एक शास्त्र आहे. घरी आल्या आल्या ताईने मला जेवणाच्या टेबलावर घेतले आणि भावाला ते शिकवले. जड वस्तू तळाशी आणि पाठीला चिकटून. पाने आणि पंप जुन्या टॉवेलात गुंडाळून, म्हणजे पडलास तरी मणक्यात रुतणार नाहीत. पाण्याची पिशवी मधल्या कप्प्यात. रेनकोट अगदी वर, कारण पाऊस विचारून येत नाही. आणि बाहेरच्या खिशात औषधपट्टीची पिशवी, तिच्यात एक रुंद, लांब पट्टी. रक्त थांबत नसेल तर ती कशी आवळायची, हे ताईने भावाच्या मांडीवरच करून दाखवले. "ताई, पाय काळा पडेल!" तो ओरडला. "पडू दे. सैल बांधलीस तर उपयोग काय?" भावाबरोबर नेहमी सायकलवर जाणारा त्याचा मित्र तेव्हा तिथेच बसला होता. त्याचे चष्म्याचे दुकान होते, म्हणून दोघेही त्याला चष्मेवाला म्हणत. त्यालाही ताईने पट्टी बांधायला लावली. त्याने इतकी लाजत बांधली की ती घोट्यापर्यंत घसरली.

पुढची वर्षे माझ्या भाग्याची होती. चढावर भावाच्या श्वासाबरोबर मी वरखाली व्हायचे. उतारावर वारा माझ्या पट्ट्यांतून शीळ घालत जायचा. सायकलची चेन तुटली, टायर फाटले, अचानक गारा पडल्या, प्रत्येक वेळी माझी चेन उघडली आणि हवी ती वस्तू हाताशी आली. एकदा एका अनोळखी मुलीचा हात मोडला. माझ्यातल्या कापडाची झोळी करून चष्मेवाल्याने तिचा हात गळ्यात बांधला. "काय नाही तुमच्या ह्या सॅकमध्ये!" ती म्हणाली. भावाने माझ्यावर थाप मारली आणि म्हणाला, "ताईने निवडलीय." स्वतः निवडल्याचा आव त्याने कधीच आणला नाही.

पण घाम, चिखल आणि सांडलेले सरबत यांमुळे मला वास येऊ लागला. तो इतका वाढला की ताई मला दारातच अडवायची.

"अरे, हिला धू ना कधी! घरात म्हैस बांधल्यासारखं वाटतं."

"धुतो गं, ह्या आठवड्यात नक्की."

तो आठवडा काही उजाडला नाही. शेवटी एका सुटीच्या आदल्या दिवशी ताईने कामावर जाण्याआधी मला रिकामी केली. माझ्यातले सगळे सामान तिने टेबलावर ओळीने मांडले. बादलीत कोमट पाणी घेतले आणि माझी पाठ आईने लेकराची पाठ घासावी तशी घासली. मग सगळ्या चेनी उघड्या ठेवून मला गॅलरीतल्या दोरीवर उलटी टांगली आणि वाऱ्याने पडू नये म्हणून चिमटे लावले.

"उद्या सकाळपर्यंत वाळेल," ती म्हणाली. "वारा आहे."

बुटाच्या नाड्या बांधता बांधता भाऊ म्हणाला, "हं."

आता जे सांगणार आहे, ते नीट ऐका.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता भाऊ गॅलरीत आला. ताई अजून झोपली होती. त्याने चिमटे काढले, मला खाली घेतले. माझे पट्टे दाबून पाहिले, पाठीची गादी गालाला लावून पाहिली. मी वाळले होते. अगदी कोरडी ठणठणीत होते. स्वच्छ होते, साबणाचा वास येत होता, आणि त्याच्या पाठीवर बसायला आतुर झाले होते. तो मला घेऊन टेबलापाशी गेला. तिथे मांडलेल्या वस्तूंकडे त्याने पाहिले. सगळे पुन्हा भरायचे म्हणजे जरा वेळ जाणार होता. एवढ्यात खालून चष्मेवाल्याच्या सायकलची घंटा वाजली.

"जाऊ दे," भाऊ स्वतःशीच म्हणाला. "जवळच तर जायचंय."

आणि त्याने मला परत गॅलरीत नेले. ताई रागावेल म्हणून, किंवा माझी गादी दुमडेल म्हणून, कोण जाणे, त्याने मला आधीसारखीच उलटी टांगली. चिमटेसुद्धा जागच्या जागी लावले. मग पाण्याची बाटली घेऊन तो पाऊल न वाजवता बाहेर पडला.

खाली रस्त्यावर चष्मेवाल्याने विचारले, "सॅक कुठंय रे?"

माझ्या मालकाने पायडलवर पाय ठेवत सांगितले, "ताईने धुतलीय. वाळतेय अजून."

मित्रांनो, त्यात वाईट हेतू नव्हता. कंटाळा आला असे कोण सांगत बसतो? जे तोंडाला आले ते तो बोलला. मी वरून ऐकले आणि मला थोडे हसूच आले.

पुढचे मी पाहिले नाही. ते चष्मेवाल्याने घरी येऊन रडत रडत सांगितले, तेव्हा कळले. उतारावर भावाचे पुढचे चाक एका मुळावरून घसरले. खाली तोडलेल्या झाडाचा बुंधा होता. त्याचे टोक मांडीत खोल घुसले. चष्मेवाल्याने आपला शर्ट फाडून बांधला, पण चिंध्या भिजून सैल होत राहिल्या. फोन लागेना. मदत बोलवायला तो टेकाडावर धावत गेला, ओरडला, परत आला. माणसे पोचली तेव्हा भाऊ शुद्धीवर नव्हता. दवाखान्यात नेईपर्यंत सगळे संपले होते.

ताईने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला होता: "चांगली पट्टी असती तर?" डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही." त्यांनी खरे तेच सांगितले. पण ताईच्या कानात 'असती तर' एवढेच राहिले.

मग तिने चष्मेवाल्याला विचारले, "सॅक का नाही नेली त्याने?"

त्या बिचाऱ्याला काय माहीत! त्याने जे ऐकले होते तेच सांगितले. "तुम्ही धुतली होती ना, ताई. वाळली नव्हती म्हणाला."

ताई उठून गॅलरीत आली. मी दोरीवर होते, उलटी, चेनी उघड्या, चिमटे तिने लावले होते तिथेच. मला कोणाचा हात लागल्याची एकही खूण नव्हती. तिने माझी गादी दाबून पाहिली. दुपार झाली होती. दुपारी मी कोरडी असणारच. सकाळी होते का, हे तिला कोण सांगणार?

"हिला धुणं मला कालच सुचायचं होतं का रे?" ती म्हणाली. माझ्याशी नाही, त्याच्याशी. आणि दोरी धरून खाली बसली.

मी ओरडले असते. मी वाळले होते, ताई! त्याने मला गालाला लावले होते! तुझ्या हातून काहीच चुकले नाही! पण सॅकला चेनी असतात, पट्टे असतात, तोंड नसते.

शेजारच्या काकू समजावून गेल्या. दवाखान्यातल्या मैत्रिणी समजावून गेल्या. "अगं, तुझा काय दोष? धुणं काय गुन्हा आहे?" प्रत्येकीने तिला माफ केले, आणि प्रत्येकीने नकळत तेच पक्के केले, की मी ओली होते. ताईने मला माळ्यावर टाकले. तिथे माझ्या कप्प्यात कोळ्याने घर केले. खालून भांड्यांचे आवाज येत, पण एकट्या माणसाच्या भांड्यांचा आवाज तो केवढा! तिने घरातले कपडे धुणेही बंद केले. सगळे लाँड्रीत द्यायला लागली. गॅलरीतली दोरी तिने स्वतःच्या हाताने कापली, ते मी माळ्याच्या फटीतून पाहिले.

बऱ्याच काळाने तिने मला खाली उतरवले आणि चष्मेवाल्याला बोलावले. तोही पार वाळून गेला होता. सायकल त्याने भिंतीला टेकवून ठेवली होती, ती ठेवलीच.

"ही घेऊन जा," ताई म्हणाली. "तू परत जायला लाग डोंगरात. दोघांचं बंद व्हायला नको."

"ताई, मला नाही जमणार."

"जमेल. औषधपट्टी नवीन भरलीय." ती थांबली. "फक्त हिला धुवू नकोस. कितीही घाण झाली तरी."

आता मी चष्मेवाल्याच्या दुकानात, काचेच्या कपाटामागे एका खुंटीवर असते. सुटीच्या दिवशी आम्ही डोंगरात जातो. तो हळू जातो. उतारावर खूपदा उतरून सायकल हातात धरून चालतो.

परवा ताई चष्म्याचा नंबर काढायला दुकानात आली. केस पांढरे झालेत. तिने मला पाहिले, जवळ आली आणि खांद्याचा पट्टा बोटांनी चाचपला. "फार लांब ठेवलायस," ती त्याला म्हणाली. "पाठ दुखत असेल." तिने मला त्याच्या पाठीवर चढवले आणि सवयीने आधी कमरेचा पट्टा आवळला, मग खांद्याचे. क्षणभर तिचा तळहात माझ्या गादीवर टेकला. मी जीव एकवटला. वाटले, एवढ्या जवळून तरी तिला कळेल. पण तिने हात काढून घेतला. "आता बरोबर बसली," म्हणाली, आणि नवा चष्मा डोळ्यांवर चढवून रस्त्याकडे पाहू लागली.

मित्रांनो, मी त्याच्याबरोबर गेले असते तर तो वाचला असता का, हे मलाही ठाऊक नाही. जवळ जायचे असले तरी तुमची सॅक घेऊन जा, हे तर मी सांगेनच. पण त्याहून एक मोठे मागणे आहे. एखादी वस्तू घरी ठेवून निघालात, तर खरे कारण सांगून निघा. कंटाळा आला असेल तर कंटाळा म्हणा, विसरला असाल तर विसरलो म्हणा. त्यात आपल्या माणसाचे नाव सहज म्हणूनही गुंफू नका. तुम्ही परत आलात तर त्या शब्दांचे काहीच होत नाही, ते हवेत विरून जातात. नाही आलात, तर तुमच्या माणसाला जन्मभर तेच शब्द खरे मानून जगावे लागते.