मॅलकी फेगनची बायको

मॅलकी फेगनने जन्मात लग्न केलं नाही. डब्लिनच्या लिबर्टीज भागात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं आणि लॉलरच्या पबात तर त्यावरून त्याची रोज टिंगल व्हायची.

"तुला कोण पोरगी देणार, मॅलकी? तू तोंड उघडलंस की ती चर्चच्या पायरीवरच म्हातारी होईल," कोलमन गेराटी म्हणायचा. मॅलकी हसायचा आणि बोलणं तसंच पुढे रेटायचा.

कोलमनने जन्मभर शहरात बस चालवली, मॅलकीने बंदरात बोटींवरचा माल उतरवला. दोघं निवृत्त झाले तरी लॉलरकडची संध्याकाळची बैठक काही सुटली नाही. तसं त्या पबात होतं तरी काय? धुराने तपकिरी झालेलं छत, झिजलेली बाकं, एक शेकोटी आणि काउंटरमागे लॉलरबाई. पण गल्लीतल्या निम्म्या घरांच्या किल्ल्या त्या बाईच्या खणात असायच्या. कुणाचा मुलगा इंग्लंडला निघाला, कुणाच्या आईला दवाखान्यात हलवलं, कोण गेलं, हे आधी लॉलरकडे कळायचं आणि मग घरी. दारूसाठी तिथे कोणी जात नसे. दारू कुठेही मिळते. तिथे तासभर गप्प बसलं तरी कोणी कारण विचारत नसे, आणि दोन-चार दिवस दिसलं नाही तर कोणीतरी दार ठोठावायला येत असे.

कोलमनची बायको ऊना गेली, तेव्हा दफन उरकून, सूप पिऊन माणसं पांगली. दुसऱ्या दिवशी दुपारी कोलमन एकटाच पबात आला. टीव्हीवर घोड्यांची शर्यत रंगात आली होती, बऱ्याच जणांनी पैसे लावले होते. लॉलरबाईने ऐन शेवटच्या वळणावर टीव्ही बंद केला. कोणी हूं की चूं केलं नाही. तिने काळ्या बियरचा ग्लास भरला, फेस बसू दिला आणि कोलमनसमोर ठेवला. शेजारी, हाताच्या सवयीने, शेरी वाइनचा छोटा ग्लासही ठेवला. तो ऊनाचा. ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं आणि तिचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला.

"असू दे, बाई," कोलमन म्हणाला.

तो ग्लास पब बंद होईपर्यंत तिथेच राहिला. मॅलकी शेजारीच बसून होता. त्या दिवशी तो एक अक्षर बोलला नाही.

पुढे लॉलरबाईही गेली. भाच्यांनी जागा विकायला काढली आणि एका हॉटेलवाल्याने ती पाडून वर मजल्यांवर मजले चढवायचा घाट घातला. गल्लीतली कितीतरी घरं अशीच गेली होती. तिथे आता विद्यार्थ्यांना भाड्याने द्यायच्या खोल्या होत्या, काचेच्या, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या. या वेळी मात्र कोलमन पेटला. दारोदार फिरून त्याने सह्या जमवल्या. पावसात फलक धरून उभा राहिला. मॅलकीही छत्री घेऊन जोडीला यायचा, फलकापेक्षा गप्पांसाठीच जास्त. महापालिकेतल्या सुनावणीला कोलमन आयुष्यात पहिल्यांदा माइकसमोर बोलला.

"आमची घरं एवढीएवढीशी आहेत, साहेब. पाहुणा आला तर बसवायचा कुठे? लॉलरचा पब म्हणजे आमची बैठकीची खोली आहे."

ते जिंकले. इमारत पाडायची नाही आणि तिथे पबच चालवायचा, असा निकाल लागला. त्या संध्याकाळी कुलूपबंद दारासमोर रस्त्यावरच माणसं बाटल्या घेऊन जमली आणि नाचली.

हॉटेलवाल्याने काढता पाय घेतला आणि किलियन डेव्हेन नावाच्या तरुणाने पब घेतला. माणूस तोंडाचा गोड, वागायला अदबशीर. त्याने काहीही मोडलं नाही. बाकं तीच, शेकोटी तीच. छत मात्र खरवडून साफ केलं आणि मग कारागीर बोलावून त्याला पुन्हा धुरकट तपकिरी रंग दिला. भिंतीवर सोनेरी अक्षरांत लिहिलं, 'लॉलरचा पब म्हणजे आमची बैठकीची खोली.' उद्घाटनाला कोलमनच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला.

पुढच्या आठवड्यात कोलमन गेला, तर दारातल्या मुलीने विचारलं, "टेबल राखून ठेवलंय का, आजोबा?"

"माझ्याच बैठकीच्या खोलीत?"

तिला काही बोध झाला नाही. तिने यादीत त्याचं नाव शोधलं.

बियरचा भावही असा चढला होता की एक ग्लास संपवून दुसरा मागताना मनात हिशोब व्हायचा. एकेक करून जुनी माणसं गळली. कोणी वृद्धाश्रमात गेलं, कोणी शहराच्या कडेला लेकीकडे. कोलमन बाजारातून बियरचे डबे आणून घरी पिऊ लागला. खिडकीशी बसायचं, रस्ता बघायचा. भेटायला फक्त मॅलकी यायचा. एक दिवस तोही चुळबुळत आला.

"किलियन म्हणतोय, शेकोटीजवळच्या खुर्चीत बसत जा," मॅलकी म्हणाला. "गुरुवार ते रविवार, दुपारचं. पाहुण्यांशी बोलायचं. जेवण आणि बियर फुकट."

"म्हणजे माकड म्हणून ठेवतोय."

"बोलायचंय फक्त."

"माकडालाही नाचायचंच असतं फक्त. त्या जागेसाठी आपण पावसात उभे राहिलो ते काय तू तिथे खेळ करावास म्हणून?"

मॅलकीने टोपी हातात घेऊन फिरवली. "तुझं बरं आहे, कोलमन. तुला आठवायला तरी कोणीतरी आहे. मी घरी बोललो तर ऐकतंय कोण? गॅसची शेगडी?"

"जा मग. शेपूट लावून जा."

मॅलकी गेला, आणि पुन्हा आला नाही.

हिवाळा सरत आला तेव्हा कोलमनला राहवलं नाही. मॅलकीला मनासारख्या चार शिव्या द्याव्यात आणि घरी घेऊन यावं, असं ठरवून तो एका दुपारी पबात गेला. आत गर्दी होती. परदेशी पाहुण्यांचा एक घोळका शेकोटीभोवती बसला होता आणि मधोमध मॅलकी, इस्त्रीचं जाकीट घालून.

"...ऐन शेवटच्या वळणावर बाईने टीव्ही बंद केला," मॅलकी सांगत होता. "आणि माझ्यासमोर बियर ठेवली. शेजारी शेरीचा छोटा ग्लास. माझ्या ऊनाचा. मी म्हटलं, असू दे, बाई."

एका बाईने रुमाल डोळ्यांना लावला. कोलमन दाराशी खिळून उभा राहिला. मॅलकी पुढे सांगत होता की ऊना जिना चढताना गुणगुणायची आणि मधल्या पायरीवर दम खायला थांबायची. हे खरं होतं. कोलमन स्वतः ते विसरला होता.

मॅलकीने मान वर केली आणि दोघांची नजरानजर झाली. मॅलकी अडखळला नाही. अडखळला असता तर कोलमनने कदाचित माफ केलं असतं. त्याने गोष्ट शेवटपर्यंत नेली.

दुसऱ्या दिवशी मॅलकी त्याच्या दाराशी आला.

"ते सगळे विचारतात, बायको होती का? नाही म्हटलं की माना फिरवतात, कोलमन. एकदा चुकून सांगून बसलो, मग रोज तीच गोष्ट मागायला लागले."

"माझी बायको होती ती."

"तू कधी तिचं नाव काढलंस? इतक्या वर्षांत? मी निदान तिचं नाव तरी घेतो."

कोलमनने दार लावून घेतलं. पलीकडे मॅलकी बराच वेळ उभा होता, हे त्याला फटीतल्या सावलीवरून कळलं.

मग वसंत आला. एक दिवस किलियनचा फोन. "शनिवारी मॅलकीच्या आठवणीत छोटासा कार्यक्रम ठेवलाय. तुम्ही यायलाच हवं."

"आठवणीत म्हणजे?"

"तुम्हाला माहीत नव्हतं? न्यूमोनिया झाला. कॉर्क शहरातून भाची आली होती, तिनेच सगळं उरकलं. होऊन गेले की बरेच दिवस."

कोलमनने फोन ठेवला. त्याच्या आणि मॅलकीच्या घरांच्या मध्ये मोजून दोन वळणं होती. लॉलरबाई असती तर मॅलकीला पहिला खोकला आला त्याच संध्याकाळी त्याला कळलं असतं. आता कोण सांगणार? शेजारच्या काचेच्या खोल्यांतली पोरं दर उन्हाळ्यात बदलत होती.

शनिवारी तो चांगला कोट घालून गेला. शेकोटीजवळच्या खुर्चीवर पितळेची नवी पट्टी ठोकली होती: 'मॅलकी फेगन आणि त्याची लाडकी ऊना. इथेच बसायचे.' मॅलकीची भाची तिथे नव्हती. जुन्यांपैकी कोणीच नव्हतं. किलियनने चमचा ग्लासवर वाजवला आणि सांगितलं, "हे कोलमन, मॅलकीचे सर्वांत जुने मित्र. दोन शब्द बोलतील."

कोलमनने पट्टी पुन्हा वाचली. खरं सांगितलं तर मेलेला मॅलकी भर सभेत खोटारडा ठरणार होता. आणि सांगणार कोणाला, तर त्याला खुर्चीपलीकडे न ओळखणाऱ्या लोकांना. न सांगावं, तर ऊना त्या पितळेत दुसऱ्याची म्हणून राहणार.

"मॅलकी बोलायचा छान," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा छान."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या शेजारची एक पाहुणी हळू आवाजात म्हणाली, "या हिवाळ्यात आम्ही दोनदा आलो, त्याची गोष्ट ऐकायलाच. तुम्ही त्याच्या बायकोला ओळखत होतात?"

"थोडीफार ओळख होती," कोलमन म्हणाला.

तो निघाला तसा किलियनने त्याला बाजूला घेतलं. आवाज खरोखरच हळवा होता. "खुर्ची रिकामी बघवत नाही हो. तुम्ही बसलात तर? तुम्हाला तर सगळं ठाऊक आहे."

"मला काही आठवत नाही," कोलमन म्हणाला आणि बाहेर पडला.

गल्लीत ऊन होतं. झालं ते कोणालातरी सांगावं म्हणून त्याची पावलं सवयीने रेंगाळली. पण जिथे सांगायचं तिथूनच तो निघाला होता.