सिग्नल कुणी तोडला

आखातातून रजेवर दिघीला आलेल्या अलीमियाँच्या मोबाइलवर तिकडचा दंड आला. त्याच्या गाडीने लाल सिग्नल तोडला होता. पाणी कुठे मुरतंय ते त्याने लगेच ओळखलं. स्वयंपाक्याच्या व्हिसावर लायसन्स मिळत नाही, तरी तिकडेच स्वयंपाकी असलेल्या मेहुण्याने, रय्यानने, गाडी धुवायला म्हणून चावी मागून घेतली होती. मेसेज पुरता न वाचताच अलीमियाँने रय्यानच्या मालकाला कळवलं, गाडी रय्यान चालवतो. मालकाने चौकशीही न करता त्याला काढून टाकलं.

आठवड्यात रय्यान कायमचा परत आला. “दुल्हाभाई, तुमची चावी,” एवढंच बोलला.

रय्यानच्या बहिणीने, महेरुन्निसाने, नवऱ्यापुढे मेसेजमधली तारीख धरली. तो रजेवर निघायच्या आदल्या दिवसाची. त्या संध्याकाळी, दुकान बंद व्हायच्या आत तिच्यासाठी अत्तर घ्यायला अलीमियाँनेच गाडी पळवली होती.