गोळीची सुट्टी

माझ्या दादाचं आईवर जिवापाड प्रेम आहे, आणि आज त्या प्रेमाची मला इतकी चीड आली आहे की तोंड उघडलं तर शिव्याच बाहेर पडतील.

मी गाठींचं गणित करते. कॅन्सरच्या कुठल्या पेशी किती वेगानं वाढतील, औषध कधी द्यावं, कधी थांबवावं, हे समीकरणं मांडून शोधायचं. आईच्या कॅन्सरवरची गोळी नेमक्या बिघडलेल्या पेशींवरच घाव घालते. पण त्यातल्या थोड्या पेशी गोळीला जुमानत नाहीत. गोळी रोज दिली तर जुमानणाऱ्या मरतात आणि मोकळ्या जागेत या निर्ढावलेल्या माजतात. म्हणून मी आणि आईच्या डॉक्टरीणबाईंनी ठरवलं, काही आठवडे गोळी, काही आठवडे सुट्टी. गाठ जाणार नाही, पण आई राहील.

सुट्टीत गाठ थोडी वाढायला हवी होती. ती घटली. दादानं आनंदाची बातमी जिन्यात भेटेल त्या प्रत्येकाला सांगितली.

"तुमचं गणित चुकतंय का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मलाही तेच वाटलं. पुढच्या सुट्टीतही गाठ घटली, तेव्हा मी मूर्खासारखी माझेच आकडे बदलत बसले.

आजच्या स्कॅनमध्ये गाठ दुप्पट झाली होती, आणि तीही गोळी चालू असताना. म्हणजे आता उरल्या होत्या त्या निर्ढावलेल्याच. मी तशीच घरी गेले. दादा स्वयंपाकघरात आईला गोळी देत होता.

"सुट्टीतही देत होतास?"

"देत होतो. मागची पाकिटं उरली होती. तू कॉम्प्युटरपुढं बसून आईच्या अंगात कॅन्सर पाळणार, आणि मी हातावर हात धरून बसू?"

"अरे अक्कलशून्य माणसा, तू मारलेल्या पेशीच बाकीच्यांना अडवून धरत होत्या!"

"त्याला बोलू नकोस," आई म्हणाली. "मीच मागितली. घरात साप पाळतं का कोणी? डॉक्टरीणबाईंना तू तासभर समजावलंस. मला म्हणालीस, सांगते तेवढं कर."

ते खरं होतं, म्हणून मला आणखीनच संताप आला.

दादानं घाबरून गोळी पुढं केली. "मग आता देऊ की नको?"

"दे नाहीतर फेकून दे. आता तिला काहीच फरक पडणार नाही."

बोलून गेल्यावर भान आलं, आई समोरच बसली होती. तिनं पेला खाली ठेवला.

"आता तरी मला नीट समजावून सांग," ती म्हणाली.