अडीचचे दोन

बोलतोय मी, टू-एट्टी-सिक्स. पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या मिलमध्ये या नावाने मला कोणी हाक मारली नाही. नवा होतो तेव्हा ‘कंप्यूटरसाहेब’, जुना झालो तेव्हा ‘डबा’. मधलं नाव कोणी ठेवलंच नाही. बसा जरा. मला घाई जमत नाही, आणि आता कुठे जायचंही नाही.

मी शिकलेला नाही. मला एक आणि शून्य एवढंच येतं, बाकी माणसं शिकवतील तसं. त्यामुळे माणसांचं शहाणपण मला फार जवळून बघायला मिळालं. बघून बघून आता राग येत नाही. कीव येते, आणि थोडं हसू.

मला आणलं त्या दिवशी शेठने नारळ फोडला. माझ्या काचेवर कुंकू लावलं. ते चार महिने कोणी पुसलं नाही; सगळे त्या तांबड्या ठिपक्याआडून अक्षरं वाचायचे. मला गारवा लागतो असं कोणीतरी सांगितलं, म्हणून काचेची केबिन झाली, एसी लागला. आत यायचं तर चप्पल बाहेर. आणि तिथून दहा पावलांवर कलर किचन, म्हणजे रंग तोलून कालवायची खोली. तिथे वाफ इतकी, की शेजारचा माणूस आवाजावरून ओळखावा लागायचा. त्या वाफेत धुडकू वर्षानुवर्षं उभा होता. त्याला पंखासुद्धा नव्हता. मी मात्र गारव्यात बसून दिवसाला माल पाठवायची चार चलनं छापत होतो. अशी यांची अक्कल.

धुडकू शिरपूरकडून आलेला. शाळेचं तोंड न पाहिलेला, पण ओला कपडा चिमटीत धरून सांगायचा, यात निळा कमी पडला. त्याची सून जयश्री माझ्यासमोर चलनं टाइप करायला बसायची. तिने सहा महिन्यांचा क्लास केला होता. तिच्याकडे सव्वापाच इंचांची एकच फ्लॉपी होती, वहीच्या कव्हरमध्ये जपून ठेवलेली. त्या फ्लॉपीवर पास्कल नावाच्या भाषेचा कंपायलर.

कंपायलर म्हणजे माझा दुभाषी. माणूस जे लिहितो ते तो माझ्या एक-शून्यात करून देतो. मला चालवायला माझ्याकडे डॉस नांदायचा: काळा पडदा, लुकलुकणारी एक रेघ, आणि वाट बघणं. डोक्यात जागा सहाशे चाळीस के, म्हणजे जेमतेम. त्यात जयश्रीचा दुभाषी अंग चोरून बसायचा आणि मलाही श्वास घ्यायला जागा ठेवायचा. आमचं बरं चाललं होतं.

पंचाण्णव साली शेठच्या मनात आलं की रंगाचं मापही कंप्यूटरने काढावं. त्यासाठी योगेंद्र आला. योगेंद्र जवळच्याच गोडादरा वस्तीतला. घरी आईशी अहिराणी बोलायचा, पण मिलच्या फाटकातून आत आला की त्याला गुजरातीत शिंक यायची आणि हिंदीत खोकला. बगलेत अकरा फ्लॉप्या.

“दीदी, ये पास्कल-बिस्कल निकालो.”

“का?” जयश्रीने विचारलं.

“वो स्कूल में बच्चों को सिखाते हैं. अब सब सी में होता है.”

“पण योगेंद्रभाऊ, हे एका फ्लॉपीत बसतं. तुमच्या अकरा आहेत.”

“ग्यारह हैं, इसीलिए तो!”

हे उत्तर मी भंगारात गेलो तरी विसरणार नाही. अकरा आहेत, म्हणून चांगलं! शेठनेही फ्रीज घ्यावा तसं विचारलं, “बेमां मोटुं कयुं?” दोनातलं मोठं कुठलं, एवढंच. मापं कोणती काढायची हे कलर किचनला विचारलं नाही. रोज बसते तिला विचारलं नाही. मला विचारायचा तर प्रश्नच नव्हता. योगेंद्रने माझ्यातला जयश्रीचा पास्कल पुसला आणि आपला दुभाषी माझ्या पोटात कोंबला. तेव्हापासून एक ओळ बदलली की मी इतका वेळ घुरघुरायचो, की योगेंद्र बाहेर जाऊन चहा पिऊन यायचा. त्याला वाटायचं मी जुना. मला वाटायचं, पाहुण्याचं सामान जास्त आहे.

योगेंद्रचा कार्यक्रम, म्हणजे प्रोग्राम, तयार झाला. दोनशे किलो कापडाला किती रंग लागतो ते त्यात भरून ठेवायचं. मग लॉट, म्हणजे एका वेळी रंगवायचं कापड, किती किलोचा ते सांगितलं की मी चिठ्ठी छापायची. योगेंद्रने दोनशे टाकून दाखवले. बरोबर. चारशे टाकले. बरोबर. शेठने टाळी वाजवली आणि हुकूम सोडला, आजपासून डोळ्याने नाही, चिठ्ठीने.

मग शंभर किलोचा, मरून रंगाचा लॉट आला. दोनशेला लाल पाच किलो आणि निळा तीन. मी चिठ्ठी दिली: लाल दोन, निळा एक.

धुडकू चप्पल काढून केबिनच्या दारात उभा राहिला.

“योगेंद्रभाऊ, दोनशेले पाच लागस, मग शंभरले अडीच. यामा दोन लिखेल शे.”

“काका, मशीन ने निकाला है.”

“मशीनले अडीच माहीत नही का?”

“मशीन के आगे उंगलियों पे मत गिनो, काका. जाओ.”

मला ऐकू येत होतं. पण मला कोणी विचारल्याशिवाय बोलता येत नाही. धुडकू गेला आणि त्याने चिठ्ठीइतकाच रंग टाकला. हुकूमच तसा होता.

लॉट निघाला तो फिका. नमुन्याच्या शेजारी ठेवला तर आजारी दिसावा असा. शेठ धावत आला. “धुडकूभाई, चिठ्ठी तो बराबर छे. तो रंग क्यां गयो?”

“मी चिठ्ठीना इतलाच टाका, शेठ.”

“मशीन तो झूठ नहीं बोलती,” योगेंद्र म्हणाला, माझ्या डोक्यावर थाप मारून.

एकोणीस वर्षं वाफेत उभ्या माणसाला दोन दिवसांत चोर ठरवलं. शनिवारपर्यंत रंग चोरल्याचं कबूल कर, नाहीतर फाटकाबाहेर. साक्षीदार मी. गारव्यात बसलेला, काचेवर कुंकवाचा पुसट डाग अजून उरलेला. मशीन खोटं बोलत नाही हे खरं. पण मशीनला कोणी काय शिकवलं हे बघायला डोळे लागतात, आणि ते सगळे चपलेबरोबर केबिनच्या बाहेरच ठेवून यायचे.

सासऱ्यासमोर जयश्री कधी मोठ्याने बोलली नव्हती. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ती डबा न उघडता माझ्यासमोर बसली. फ्लॉपी लावली. योगेंद्रचं गणित जसंच्या तसं पास्कलमध्ये लिहिलं आणि दुभाष्याला दिलं. तो अडला. रेघ एका ओळीवर जाऊन थांबली. जयश्रीने ती ओळ दोनदा वाचली आणि पदर तोंडाला लावून हसली. इतक्या वर्षांत माझ्यासमोर कोणी पहिल्यांदाच समजून हसलं.

शनिवारी केबिनमध्ये शेठ, योगेंद्र, आणि दारात धुडकू.

“शेठ, मी काही बोलत नाही,” जयश्री म्हणाली. “हा पास्कल काय म्हणतो बघा.”

“शुं कहे छे?”

“म्हणतो, इथे भागाकार आहे, अर्धं-पाव उरू शकतं. ते ठेवायला तुम्ही जागा दिलेली नाही. मी पुढे जात नाही.”

“अने योगेंद्रनुं?”

तिने त्याचा कार्यक्रम लावला. शंभर टाकले. लाल दोन.

“तो आधा किधर गया?” शेठने योगेंद्रकडे बघत विचारलं.

“गटारमा,” दारातून धुडकू म्हणाला.

योगेंद्रने माझ्या काचेत बघून केस सारखे केले. “शेठ, कंपायलर की गलती है. नया वर्जन मंगवाते हैं. चौदह फ्लॉपी का.”

खरं सांगतो, त्या मोठ्या दुभाष्यावर माझा राग नाही. त्याला पुष्कळ येतं. अर्धं ठेव असं सांगितलं असतं तर त्याने ठेवलं असतं. पण सांगितलं नाही तर तो विचारत नाही, मुकाट गिळतो. अशा दुभाष्याबरोबर माणूस तरी विचारणारा लागतो. योगेंद्रने दोघेही न विचारणारे एकत्र बसवले.

जयश्रीने एक शब्द बदलला, अर्ध्याला जागा करून दिली. मी छापलं: लाल २.५०, निळा १.५०. शेठ चिठ्ठीकडे बघून म्हणाला, “चालो, काम पर लागो.” बस. धुडकूला चोर म्हणाला होता, ते शब्द परत घ्यायला त्याच्याकडेही जागा ठेवलेली नव्हती.

सगळे गेल्यावर धुडकू पहिल्यांदा केबिनच्या आत आला. माझ्या डोक्यावर हात ठेवला, थाप न मारता.

“पोरी, यानी अडीच शिकी लिधं का?”

“हो आबा. शिकला.”

त्यानंतर चार वर्षं मी अडीच छापलं, दीड छापलं, पावणेदोनसुद्धा छापलं. मिल तेवढ्यावर चालली. मला कोणी शाबासकी दिली नाही. नव्याण्णव साली नवं मशीन आलं, रंगीत खिडक्यांचं. तेही योगेंद्रनेच निवडलं. दोन सीड्या बरोबर येतात, म्हणून. पुन्हा नारळ, पुन्हा कुंकू. मी आता गोदामात आहे, रंगाच्या रिकाम्या ड्रमांच्या मध्ये. उद्या भंगारवाला येणार आहे.

नवं मशीन लावलं त्या दिवशी मी केबिनच्या दाराशी जमिनीवर पडलो होतो. धुडकू आला. या वेळी त्याने चप्पल काढली नाही. सगळ्यांच्या मधून सरळ पुढे गेला आणि म्हणाला, “पोरी, याले पहिले इचार, पाचना आर्धा कितला?” शेठ थांबला. योगेंद्रही थांबला. नारळ हातातच राहिला.

एवढंच तुम्हालाही सांगायचंय. पेटीचा आकार बघू नका, फ्लॉप्या मोजू नका. आधी पाचाचे अर्धे विचारा. दोन म्हणाला, तर नारळ फोडू नका.