आधी वस्तरा खाली ठेवा

माझं तोंड बंद राहत नाही, हे माझ्या दुकानात एकदा दाढी केलेला कुणीही सांगेल. हवा, निवडणूक, कुणाची सून, कुणाचा गुडघा, सगळ्यावर मला मत आहे. पण एक प्रश्न मला महिनाभर विचारता आला नाही, आणि तोही घरच्याच माणसाला.

तो माझा मेव्हणा. सहा फूट उंच, लिफ्ट दुरुस्त करतो, पण भावंडांत शेवटचा म्हणून सगळे त्याला बारक्याच म्हणतात. दर रविवारी दाढीला येतो आणि माझी यथेच्छ टर उडवतो. दोन महिन्यांपासून टर बंद झाली होती. मग एक दिवस त्याने आपली हत्यारांची पिशवी सहकाऱ्याला देऊन टाकली. त्या पिशवीला तो मलाही हात लावू देत नसे.

बायकोचा चेहराच उतरला. "अहो, तो जिवाचं काही बरंवाईट करून घेईल. माझ्याशी बोलत नाही. तुमच्या खुर्चीत बसला की बोलतो. तुम्ही विचारा."

मी विचारलं. आरशात बघत, दाढी करता करता, "काय रे, वेडंवाकडं काही करणार नाहीस ना?" तो म्हणाला, "छे." मी घरी येऊन पोटभर जेवलो. बायको मात्र जेवली नाही. तिने परस्पर माझं नाव वाचनालयातल्या एका वर्गात घातलं.

आत्महत्येच्या विचारात असलेल्या माणसाला कसं ओळखायचं, त्याच्याशी काय बोलायचं, हे तिथे दवाखान्यातल्या एक सिस्टर शिकवायच्या. आम्ही आठ जण होतो. औषधवाला, बसचा कंडक्टर, ग्रंथपाल बाई, ज्यांच्यापुढे लोक मन मोकळं करतात अशी सगळी मंडळी. सिस्टर ठेंगण्या, आवाज मात्र खणखणीत.

"आडून आडून विचारू नका," त्या म्हणाल्या. "तुम्हाला 'नाही' ऐकायचंय हे समोरच्याला कळतं. सरळ विचारा, आत्महत्येचे विचार येतात का? विचारल्याने ते कुणाच्या डोक्यात शिरत नाहीत. उलट बोलायला वाट मिळते."

सरावाला मला कंडक्टरपुढे बसवलं. तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा पावसापाण्यावर घसरलो. सिस्टर म्हणाल्या, "जिभेला सवय लावा."

मी पडलो अतिशहाणा. सराव दुकानातच सुरू केला. पहिलं गिऱ्हाईक बँकेतले कॅशियर. त्यांच्या गळ्याला साबण, माझ्या हातात वस्तरा, आणि मी आरशात बघून गंभीरपणे विचारलं, "साहेब, आत्महत्येचे विचार येतात का?"

कॅशियर टॉवेलसकट रस्त्यावर. अर्धी दाढी तशीच.

हे ऐकून सिस्टरच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. "आधी वस्तरा खाली ठेवा हो! आणि आरशाशी काय बोलता? माणसाशी बोला." मला रागच आला. वीस वर्षं मी आरशातच बोलतोय, गिऱ्हाइकाचा चेहरा मला तिथेच दिसतो. पण घरी जाईपर्यंत राग ओसरला. बाई खरं तेच बोलली होती. आरशात दोघांनाही नजर चुकवता येते.

रविवारी बारक्या आला. मी त्याच्या गालांना फेस लावला, वस्तरा उचलला आणि परत ठेवून दिला. दारावरची पाटी 'बंद' अशी फिरवली, स्टूल ओढलं आणि त्याच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसलो.

"काय झालं, भाऊजी? ब्लेड संपली?"

"बारक्या, तू पिशवी देऊन टाकलीस. पूर्वीसारखा बोलत नाहीस. मला भीती वाटते रे. तुझ्या मनात आत्महत्येचे विचार येतात का?"

तो म्हणाला, "येतात." आणि पुढे म्हणाला, "मागे तुम्ही विचारलंत तेव्हा मी 'छे' म्हटलं. तुम्हाला इतकं बरं वाटलं, की मग खरं सांगवेना."

माझ्या जिभेवर शंभर उपदेश आले. तुझी बहीण, तुझी लेक, असं काय करतोस. सगळे गिळले. फक्त विचारलं, "कधीपासून?"

मग तो तासभर बोलला. कारण असं एक नव्हतंच. झोप उडालेली, सकाळी अंथरुणातून उठणं नकोसं, आणि आपण नसलो तर घरचे सुटतील असं सतत वाटणं. ते ऐकताना माझा जीव पिळवटून निघाला, पण मी मध्ये बोललो नाही. आयुष्यात पहिल्यांदाच. दोन गिऱ्हाइकांनी काच वाजवली, त्यांना डोळ्यांनीच हाकललं.

"आज तुला मी एकटं सोडणार नाही," मी म्हणालो. "सिस्टरना फोन लावतो. तू बोल, मग आपण दोघं दवाखान्यात जाऊ." त्याने मान हलवली.

सिस्टरनी त्याला बरंच विचारलं. तो हळू आवाजात उत्तरं देत होता. शेवटी त्यांचा खणखणीत आवाज मलाही ऐकू आला, "आत्ता जवळ कोण आहे तुमच्या?"

बारक्याने माझ्याकडे पाहिलं. गालावरचा फेस पार वाळला होता.

"भाऊजी आहेत," तो म्हणाला. "रडतायत बिचारे. त्यांना धरून घेऊन येतो."